हातोहात

१

पावशेरने बेकरीच्या शटरवर खडूने लिहिलं, "बेकरी बंद. आम्ही विमानात आहोत." बायको म्हणाली, नुसतं बंद लिहिलं तरी लोकांना कळतं. तो म्हणाला, कळतं, पण मग मजा काय?

लहानपणी तो इतका किडकिडीत होता की वर्गातल्या पोरांनी त्याला पावशेर हे नाव ठेवलं होतं. पुढे तो अंगाने भरला, बेकरी काढली, तरी नाव काही सुटलं नाही. उलट पाव विकतो म्हणूनच पावशेर, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, आणि तो स्वतःही पाव विकणारा शेर असा त्याचा अर्थ लावून मोकळा व्हायचा. बायको शाळेत अगदी लहान मुलांना शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. लग्नानंतर त्यानेही तेच उचललं.

दोघांना मूल होईल ही आशा नातेवाइकांनी त्यांच्या आधीच सोडली होती. देवळं, डॉक्टर, शेजारणींचे सल्ले सगळं करून झालं होतं, आणि दोघं एकमेकांची समजूत घालायलाही शिकले होते. अशात ठकी आली. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखे डोळे वटारून बघत होती, म्हणून ठकी. आता ती नुकती बसायला लागली होती. बसायची, डुगडुगायची, कलंडायची आणि कलंडले याचं तिलाच हसू यायचं.

बाईचे वडील मात्र अजून ठकीला भेटले नव्हते. ते जुने रंगारी. उतारवयात शिडीवर चढायची हौस नडली आणि खुबा मोडला. ते दुसऱ्या टोकाच्या शहरात, धाकट्या मुलीकडे. त्यांना प्रवास जमणार नव्हता आणि ठकीला दोन दिवस गाडीत कोंबणं बाईला पटत नव्हतं. शेवटी पावशेरनेच तोड काढली. म्हणाला, आपण कुणी कधी विमानात बसलो नाही, तर तिघंही एकदमच बसू.

२

भट्टीच्या माणसाला पहाटे उठायची सवय. त्यामुळे ते विमानतळावर पोचले तेव्हा तिथली झाडझूडही उरकली नव्हती. पावशेर प्रत्येक काचेशी थांबून ठकीला विमानं दाखवत होता. हे बघ मोठं, हे बघ त्याहून मोठं. ठकीला विमानांत रस नव्हता. तिला सरकत्या जिन्याची रबरी कड आवडली.

बाईला उडण्याची भीती नव्हती. पोर सगळ्यांसमोर भोकाड पसरेल याची तिला धास्ती होती. विमानात शिरल्यावर आपल्या ओळीच्या आसपासच्या लोकांची तिने आधीच माफी मागून ठेवली. पुढच्या सीटवर एक झुबकेदार मिशांचे गृहस्थ होते, मागच्या ओळीत कॉलेजातल्या दोन मुली, आणि पलीकडे एक शिंपीणबाई, ज्यांनी बसल्याबरोबर ठकीच्या झबल्याची शिवण तपासली आणि ठीक आहे म्हणून मान डोलावली. मिशांच्या गृहस्थांनी वळून सांगितलं, अहो रडू दे, माझं घोरणं ऐकाल तेव्हा तुम्हीच मला माफी मागायला लावाल.

विमान धावायला लागलं. सगळं थडथडलं, डोक्यावरची कपाटं खडखडली, पावशेरने खुर्चीचा हात गच्च धरला. आणि जमीन सुटली त्या क्षणी ठकी हसली. तोंड उघडून, पोट हलवून, खळखळून. तिचं हसू ऐकून मिशाळ गृहस्थ हसले, मुली हसल्या, शिंपीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. घाबरलेल्यांची भीती पळाली. खिडकीतून ऊन आत आलं आणि ढग खाली गेले. पावशेरला वाटलं, इतकं सुख एका वेळी झेपायला माणसाला आणखी दोन हात हवेत.

३

आधी मुलींनी मागितली. "काका, द्या ना जरा." पावशेरने बाईकडे पाहिलं. बाई म्हणाली, दे की, आपलेही हात मोकळे होतील.

मुलींकडून ती त्यांच्या मागच्या ओळीत गेली. तिथून आणखी मागे. प्रत्येक ओळीत तोच सोहळा व्हायचा. आधी एक "अगं बाई", मग टाळी, मग ठकीचं खुदखुदणं, मग पुढचे हात. पावशेर सीटवर गुडघा टेकवून, वळून बघत होता. तिचं टोपडं माणसांच्या डोक्यांवरून मागे मागे चाललं होतं, पाण्यावर सोडलेल्या होडीसारखं. ज्याच्या हाती ती जाई त्याचा चेहरा उजळे. पावशेरचा ऊर भरून आला. त्याची लेक, आणि सगळं विमान तिचं कौतुक करत होतं.

तेवढ्यात खाण्याची गाडी आली. एअर होस्टेसने ती बरोब्बर त्याच्या मागच्या ओळीशी उभी केली. मधली वाट एकच, गाडीने ती पार अडवली. पावशेरला मागचं दिसेना. नुसतं ऐकू येत होतं. अगं बाई, टाळी, खुदखुद. अगं बाई, टाळी, खुदखुद.

आवाज लांब जात राहिला. शाळा सुटल्यावर पोरांचा गलका रस्त्याच्या वळणापलीकडे जातो तसा. पावशेर हसऱ्या चेहऱ्यानेच ऐकत होता, आणि हसता हसता त्याला वाटलं की विमान मागे एवढं लांब नव्हतं. चढताना त्याने पाहिलं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज केव्हाच पोचायला हवा होता, तिथून परत फिरायला हवा होता. तो फिरला नाही. बारीक होत होत इंजिनाच्या घरघरीत विरून गेला.

"किती वेळ ठेवून घेतली लोकांनी," बाई म्हणाली.

पावशेर उठणार, एवढ्यात पुढून टाळी ऐकू आली. त्याने मान वळवली. ठकी पुढच्या बाजूने येत होती. पायलटच्या दाराकडून, पहिल्या ओळीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. टोपडं तेच, हसू तेच. मिशाळ गृहस्थांनी तिला खुर्चीच्या पाठीवरून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, घ्या तुमची लाडूबाई.

"तुमच्याकडे कुणी दिली?" पावशेरने विचारलं.

"पुढच्यांनी."

"पण ती मागे गेली होती."

गृहस्थांनी खांदे उडवले. म्हणाले, फिरून आली असेल, लेकरू आहे, हातोहात फिरतंच. खाण्याची गाडी अजून जागची हलली नव्हती.

४

ठकी त्याच्या हातात होती आणि पावशेर तिला खाली ठेवायला तयार नव्हता. त्याने तिचं टोपडं काढून पाहिलं. कानामागचा तीळ जागेवर होता. खालच्या हिरडीतून वर आलेला दाताचा कण जागेवर होता. लाळेचा वास ओळखीचा होता. ती त्याच्याकडे बघून हसली आणि त्याचं नाक धरलं, जसं रोज धरायची.

पण वजन बरोबर नव्हतं.

बेकरीत मैद्याचं पोतं कधी एकट्याने उचलतात, कधी दोघांनी. दोघांनी उचललं की समोरच्याने किती भार घेतला ते बघावं लागत नाही, हाताला आपोआप कळतं. ठकी तशी लागत होती. हलकी नव्हे. आजारी पोर हलकं होतं तेही त्याने पाहिलं होतं, ते निराळं. ही होती तेवढीच होती, फक्त तिचा सगळा भार त्याच्याकडे आला नव्हता. तिच्याखाली आणखी कुणाचा तरी हात होता, आणि त्या हाताने तिला अजून पुरती सोडली नव्हती.

त्याने तिच्या पाठीखालून हात फिरवला. झबलं, त्याखाली त्याचा स्वतःचा तळहात, बाकी काही नाही.

बाईला सांगावं तर कसं? त्याने एवढंच म्हटलं, जरा उचलून बघ गं. बाईने घेतली, पदराआड दूध पाजलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, विमान खाली-वर होतं ना, त्यात सगळंच हलकं वाटतं. मुलांना मी झोपाळ्यावर बसवते तेव्हा त्यांनाही पोटात हलकं वाटतं. हे कारण पावशेरला पटलं. पटलं म्हणून त्याने ग्लासातलं पाणी उचलून पाहिलं. ग्लास जड होता तेवढाच जड होता.

गाडी हलल्यावर तो हात धुवायचं निमित्त करून मागे गेला. प्रत्येक ओळीत लोक त्याच्याकडे बघून हसत होते. फार गोड मुलगी आहे हो तुमची, दृष्ट काढा. तो मान डोलावत शेवटच्या ओळीपर्यंत पोचला. तिथे निळ्या स्वेटरमधला एक सडपातळ माणूस एकटाच शेंगदाणे खात बसला होता.

"आमची मुलगी तुमच्याकडे आली होती?"

"आली होती की." माणसाचा चेहरा आठवणीनेच फुलला. "माझं बोट धरून बसली होती. सोडवेना."

"मग तुम्ही कुणाला दिलीत?"

"मागच्यांना दिली."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की पावशेरने मागे पाहिलंसुद्धा. मागे भिंत होती. तिच्यापलीकडे चहा-कॉफी बनवायची चिमुकली जागा, पत्र्याची कपाटं, आणि तिथे एअर होस्टेस कागदी पेले रचत होती. बाळ तिच्याकडे आलं नव्हतं, ती तर गाडीपाशी होती. पावशेरने स्वेटरवाल्याकडे परत पाहिलं. माणूस शेंगदाणे टिपण्यात रमला होता, थट्टा करणारा माणूस जसा चोरून बघतो तसा तो बघत नव्हता.

पावशेर त्या छोट्या जागेत गेला आणि पाणी मागितलं. एअर होस्टेस पाणी ओतत होती तेवढ्यात तो शेवटच्या कपाटाला टेकला. विमानाची शेपटीच ती, तिथून पुढे नुसतं आभाळ. पत्रा उबदार होता. खूप माणसं बसलेल्या खोलीची भिंत असते तसा. आणि कान टेकल्यावर, घरघरीच्या खालून, फार लांबून ते ऐकू आलं. अगं बाई. टाळी. खुदखुद.

अजून लांब चाललं होतं.

हातातलं पाणी तसंच टाकून तो आपल्या जागेकडे धावला. विमानात धावणारा बाप बघून लोक कौतुकाने हसले. ठकी बाईच्या मांडीवर गाढ झोपली होती, ओठांना दूध लागलेलं.

"काय झालं?" बाईने विचारलं.

तो स्वेटरवाला काय म्हणाला ते त्याने सांगितलं, पत्र्याचं सांगितलं नाही. बाई म्हणाली, मागच्यांना म्हणजे स्टाफला म्हणायचं असेल त्यांना. तू पण ना. पण तिने ठकीला मांडीवर जरा वर ओढून घेतलं.

५

उतरताना ठकी जागी झाली आणि पुन्हा हसायला लागली. चाकं जमिनीला लागली तेव्हा सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. लोक सामान काढता काढता तिचे गाल ओढत होते. शिंपीणबाईंनी पिशवीतून लाल फितीचा तुकडा काढून तिच्या मनगटाला सैलसा बांधला आणि म्हणाल्या, मोठी झालीस की मला आठवू नकोस, पण फीत आठव. मिशाळ गृहस्थांनी कबूल केलं की पोरीने त्यांना घोरू दिलं नाही.

इतका आनंद भोवती असताना भिणं हा कृतघ्नपणा आहे, असं पावशेरला वाटलं. त्याने स्वतःला बजावलं, पहिला प्रवास, झोप कमी, कान बंद झालेले. माणसाला काय काय ऐकू येतं. तरी तो सगळ्यांच्या आधी उतरला आणि चालताना ठकीला दोन्ही हातांनी धरून होता. ती अजूनही तशीच होती. कुणाच्या तरी हातात अर्धी.

६

बाहेर यायचं दार दुधी काचेचं होतं. माणूस जवळ आला की आपोआप सरकायचं, मग पुन्हा मिटायचं. दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत आजोबा बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि मागे खुर्ची धरून बाईची धाकटी बहीण, ठकीची मावशी. आजोबांनी लेकीकडे पाहिलं नाही, जावयाकडे पाहिलं नाही. नुसते हात पुढे केले.

बाईने ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ठकीने त्यांच्या हनुवटीचे खुंट चाचपले आणि खुश होऊन त्यांना एक चापट दिली. मावशी हसत होती, रडत होती, फोनवर फोटो काढत होती आणि सगळ्या फोटोंत स्वतःचं बोट येत होतं.

मग आजोबांनी ठकीला काखेत धरून उचलली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, हिचा भार कसा लागत नाही?" ते म्हणाले. "रंगाचा रिकामा डबा उचलल्यासारखं वाटतंय. कुणी धरलंय का हिला मागून?"

मावशी म्हणाली, बाबा, तुमचं काहीतरीच. बाईने पावशेरचा दंड धरला आणि त्याला दोन पावलं बाजूला नेलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मलाही लागलं होतं तसं," ती हळू म्हणाली. "दूध पाजतानाच. बोलले नाही, तू घाबरशील म्हणून."

तेव्हा पावशेरने तिला पत्र्याचं सांगितलं. ऐकताना बाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

दार सरकलं. एक तरुणी दोन बॅगा ओढत बाहेर आली आणि निघून गेली. तिच्या मागे, आतल्या लांब वाटेत, माणसं उभी होती. पुढच्यांचे चेहरे दिसत होते, त्यामागे डोकी, त्यामागे आणखी डोकी, दिवे संपेपर्यंत. म्हातारी होती, तरुण होती. सगळ्यांचे चेहरे आनंदाने उजळलेले. एकाच्याही हातात सामान नव्हतं. रिकामे हात जरासे पुढे आलेले, तळवे वर. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघत होते.

दार मिटलं. दुधी काचेवर काही दिसेना.

पावशेर म्हणाला, चल, गाडीत बसू, लवकर. त्याने आजोबांकडून ठकीला घेतलीही. पण बाई हलली नाही. ती घाबरली होती, तरी विचार करत होती. वर्गात दंगा झाला की ती अशीच ओठ चावत उभी राहायची.

"मी मुलांना चित्र दाखवते ना," ती म्हणाली, "तेव्हा मागच्या बाकावरच्यांना दिसत नाही. मग ती उठतात, पुढे सरकतात. ओरडून उपयोग नसतो. चित्र वर धरलं की खाली बसतात."

"म्हणजे?"

"तिथवर ती पोचलीच नसेल. लांबच्यांपर्यंत. आधीच परत आली."

"बाई, ती माणसं कोण आहेत ते आपल्याला ठाऊक नाही."

"नाही," बाई म्हणाली. "पण सगळ्यांनी तिला नीट धरली. एकानेही पाडली नाही. वर धर तिला. आणि सोडू नकोस."

पावशेरने आयुष्यात एवढं जड काम केलं नव्हतं, आणि हातात तर भार नव्हताच. त्याने ठकीच्या बगलेत पंजे घातले, बोटं पाठीवर एकमेकांत अडकवली आणि तिला डोक्यावर, हात पोचतील तितकी उंच धरली. तोंड दाराकडे.

दार सरकलं. या वेळी कुणी बाहेर आलं नाही. पावशेरने डोळे मिटून घेतले होते. त्याने फक्त ऐकलं. एक मोठा, लांबवर पसरत गेलेला उसासा, गच्च भरलेल्या वर्गात सगळ्यांना एकदम चित्र दिसतं तेव्हा निघतो तसा. त्यावर ठकीचं खुदखुदणं. मग टाळ्या, आधी जवळ, मग लांब, मग त्याहून लांब.

आणि तिचा भार त्याच्या हातात आला. एकदम नाही. एकेक बोट सुटत जावं तसा, हळूहळू, मनगटावर, कोपरांवर, खांद्यांवर. शेवटी पुरता आला, तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले. चांगली दणदणीत होती पोरगी. त्याने तिला खाली घेतली आणि छातीशी धरली, आणि डोळे उघडले तेव्हा दार मिटलेलं होतं.

बाईने ठकीखाली हात लावून भार पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसून हसायला लागली. येणारे-जाणारे बघत होते. मावशीला काही कळेना, पण बहीण हसते म्हणून तीही हसायला लागली.

"तुमचं झालं असेल तर माझी नात द्या," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

पावशेर त्यांच्यापुढे वाकला आणि ठकीला त्यांच्या हातांत दिली. आजोबा म्हणाले, हां, आता कशी. मग वर बघून म्हणाले, जावईबापू, सोडा आता.

पावशेरचा हात अजून तिच्याखालीच होता. तो काढायला त्याला थोडा वेळ लागला.